ळ कुठे लपला? इंदूरच्या फोनमधली मराठी

(दृश्य: संध्याकाळ. जेल रोडवरची मोबाइलची दुकानं.)

इंदूरच्या जेल रोडवर या वेळी पाय ठेवायला जागा नसते. कुणी काच बदलून घेतंय, कुणी कव्हरावरून "भिया, ठीक लगाओ" म्हणत घासाघीस करतंय. या गर्दीत रामबागेतल्या एक काकू उभ्या आहेत. तक्रार एका अक्षराची. "भैया, इसमें वो ळ नहीं मिल रहा." दुकानदार विचारतो, "कौन सा?" हिंदीच्या शाळेत हे अक्षर गिरवून घेत नाहीत, त्यामुळे नुसतं सांगून भागणार नाही. काकू काउंटरच्या काचेवर बोटाने ळ काढून दाखवतात.

(दृश्य: जुने फोन, एकाशेजारी एक.)

काकूंचा फोन ज्या ॲन्ड्रॉइड नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, म्हणजे फोन चालवणाऱ्या मूळ प्रणालीवर चालतो, त्याची कंपनी २००३ साली कॅलिफोर्नियात, पालो आल्टोला सुरू झाली. अँडी रुबिन आणि त्यांच्या साथीदारांच्या डोक्यात तेव्हा फोन नव्हता, डिजिटल कॅमेरा होता. २००५ मध्ये गूगलने ती विकत घेतली. एचटीसीने बनवलेला पहिला ॲन्ड्रॉइड फोन २००८ च्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आला. योगायोग असा, की 'ॲन्ड्रॉइड' मराठीत लिहायला लागतो तो ॲ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांच्या जागतिक अक्षर-यादीत, स्वतंत्र अक्षर म्हणून दाखल झाला तोही त्याच वर्षी.

पण फोनला मराठी दाखवता कुठे येत होतं! चौकोनांची रांग दिसायची. नुसता फॉन्ट टाकूनही काम होत नाही. 'मिरची' लिहिताना आपण आधी म दाबतो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र ती वेलांटी म च्या अलीकडे उभी राहायला हवी. पुढचा र जागीच थांबायला हवा की, 'मिर्ची' लिहिलं तर, 'ची'च्या डोक्यावर रफार होऊन चढायला हवा, हेही कुणीतरी ठरवायला लागतं. ही जुळवाजुळव सहसा ऑपरेटिंग सिस्टिमच्या आत होते.

तोवर जुगाड होता. ऑपेरा मिनी हा ब्राउझर उघडायचा, पत्त्याच्या जागी 'ऑपेरा:कॉन्फिग' लिहायचं आणि एक पर्याय 'येस' करायचा. मग मजकूर सर्व्हरवरूनच चित्र होऊन यायचा. पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रं आम्ही इंदुरात बसून अशीच वाचली.

२०१४ च्या ॲन्ड्रॉइड ५ मध्ये, म्हणजे लॉलिपॉपमध्ये, फोनच्या भाषांच्या यादीत मराठी आली. २०१६ च्या सातव्या आवृत्तीपासून एकापेक्षा जास्त भाषा क्रमाने लावता येऊ लागल्या. आधी मराठी, मग हिंदी. इंदूरच्या घरात बोलणं असंच चालतं.

(दृश्य: काकूंच्या फोनचा पडदा, अगदी जवळून.)

तरी हिंदीच्या कळफलकावर मराठी लिहिली की फजिती ठरलेली. घरच्या मुंजीच्या वेळी काकूंनी भावाला कळवलं, "आचार्यांना ॲडव्हान्स दिला." भावाचा फोन आला, "गुरुजींना इतक्यात कशाला?" दिला होता स्वयंपाक करणाऱ्याला. 'आचाऱ्यांना' लिहायला खाली टिंब असलेला ऱ लागतो. साधा र घेतला की रफार होतो आणि आचाऱ्याचा आचार्य. दऱ्यांचा दर्या होतो तोही असाच.

पडद्यावरचा ल आणि श बहुतेक वेळा हिंदी वळणाचाच दिसतो. पुण्याच्या पाहुण्यांना तो खटकतो. इंदूरकराला नाही, त्याने शाळेत तोच गिरवलाय.

(दृश्य: पुन्हा दुकान.)

दुकानदार मराठी कळफलक टाकून देतो. उत्साहात फोनची भाषाही मराठी करतो. काकू लगेच लिहून बघतात: गूळ, पोळी, नारळ. ळ येतो.

"आंटी, आवाज़ भी थोड़ी बढ़ा दूँ?" म्हणत तो सेटिंग्जमध्ये शिरतो आणि तिथेच अडकतो. सगळी यादी मराठीत. दोन वेळा वर-खाली करतो, मग अक्षरं सोडून देतो आणि कर्ण्याचं चित्र शोधायला लागतो.