नऊ एकांचा वर्ग

(डहाणूचा किनारा. ओहोटी. ओल्या वाळूत काठीने आकडे उमटताहेत.)

नऊ एक ओळीने. त्यांच्याखाली पुन्हा नऊ एक, डावीकडे गुणाकाराची फुली. शाळेत मांडायचो तसाच हा गुणाकार. प्रत्येक ओळ तीच, नऊ एकांची. फक्त दर ओळीला एक घर डावीकडे सरकायचं. नऊ ओळी झाल्या की बेरीज. उजवीकडच्या पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन... मधल्या घरात नऊ, आणि मग तसंच उतरत एकापर्यंत. हातचा कुठेच येत नाही, म्हणून उत्तर इतकं सुबक निघतं:

१२३४५६७८९८७६५४३२१.

सतरा आकडी. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथातल्या स्थानांच्या (एक, दश, शत...) क्रमाने डावीकडचा एक 'मध्य' नावाच्या स्थानात बसतो. परार्ध, म्हणजे त्या क्रमातलं शेवटचं स्थान, एकच घर पुढे!

(डहाणू गाव. मग डोंबिवली स्टेशन, फलाटावरची गर्दी.)

गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली याच डहाणूत जन्मले आणि पुढे देवळालीला शाळामास्तर झाले. त्यांच्या ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'ची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. पण खरं सांगायचं तर त्यांच्या डेमलो संख्या जास्त देखण्या आहेत. डेमलो म्हणजे जीआयपी रेल्वेवरचं (आजच्या मध्य रेल्वेवरचं) स्टेशन, आजचं डोंबिवली. या संख्यांचा विचार त्यांना तिथं सुचला.

आपली संख्या त्याच घराण्यातली. मधला नऊ बाजूला ठेवा. डावीकडे उरले १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज करा: ९९९९९९९९. मधे नऊ, बेरजेतही नुसते नऊच. डेमलो संख्येची ओळख हीच.

(पुन्हा वाळू. आकड्यांखाली बेरजेची रेघ.)

आता सगळे आकडे मिळवा. ८१ येतात, आणि ८१ने या संख्येला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद' म्हटलं. भागाकारही साधासुधा नाही, तो १२३४५६७९चा वर्ग आहे. त्यात आठ नाही, हे ध्यानात असू द्या.

बाकीची कुंडली थोडक्यात. ३, ३७ आणि ३३३६६७ या तीनच मूळ संख्यांतून ही घडली आहे. विभाजक ४५. विभाजक जोडीने येतात, मग ४५ विषम कसे? वर्गमूळ स्वतःशीच जोडी लावतं म्हणून. स्वतःला सोडून उरलेल्या विभाजकांची बेरीज संख्येच्या निम्म्याहून थोडीच जास्त भरते, म्हणजे संख्येपेक्षा कमीच; त्यामुळे ती 'न्यून' गटात जाते. इतकी देखणी, पण न्यून.

(काठी ओळीत आणखी एक 'एक' वाढवते.)

आता दहा एक घ्या. मधल्या घरात दहा जमतात: शून्य खाली, हातचा एक. तो डावीकडच्या नवात पडतो, तिथंही दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा, आणि आता आठाचे नऊ. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडे तोच १२३४५६७९, आणि आठ पुन्हा गायब.