कुठं कापलंय, दाखवा की!

नमस्कार मंडळी.

आज जे बोलणार आहे ते आपल्याकडं पुरुषमाणसं चारचौघांत बोलत नाहीत. पण रेडिओचं एक बरं असतं. तुम्ही मला बघत नाही, मी तुम्हाला बघत नाही. मान खाली घालायची गरज ना तुम्हाला, ना मला.

मी खानापूर तालुक्यातला. मराठी हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे, वय ६८. मागच्या दिवाळीनंतर बेळगावात माझं प्रोस्टेटचं लेसर ऑपरेशन झालं. ऑपरेशन कसं करतात ते डॉक्टरांनी सांगावं. मी कमरेखाली बधिर होऊन छताकडं बघत पडलो होतो, माझा त्यात काही वाटा नाही. मी सांगणार आहे ते घरी आल्यानंतरच्या सहा आठवड्यांचं, कारण तिथं मी चुकलो.

आधी थोडं मागचं. रात्री चार-पाचदा उठणं, धार बारीक होणं, झाल्यावरही थेंब गळत राहणं, हे सगळं मी पाच वर्षं ‘वय झालं’ म्हणून खपवलं. घरात आमची ही म्हणायची, “अहो, एकदा दाखवून तरी या.” मी म्हणायचो, बघू. मग आला पावसाळा. कणकुंबीकडून पाऊस एकदा लागला की आपल्याकडं भिंतीसुद्धा घामेजतात, हे तुम्हाला सांगायला नको. मला सर्दी झाली. मेडिकलमधून सर्दीची गोळी आणली, घेतली आणि झोपलो. रात्री एकला उठलो तर लघवी होईना. पोट नगाऱ्यासारखं ताठ झालेलं. दोन वाजता शेजारच्या पोरानं ओम्नी काढली आणि बेळगावला नेलं. रस्त्यातला प्रत्येक खड्डा मला मोजून सांगता येईल. तिथं नळी घातली आणि लिटरभर लघवी निघाली. मंडळी, इतकं सुख मला एसएसएलसीचा निकाल लागला तेव्हाही झालं नव्हतं.

नंतर कळलं ते असं. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत एक औषध नाक मोकळं करण्यासाठी असतं, तेच खाली मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतं. दुसरं शिंका थांबवणारं असतं, ते मूत्राशयाला सुस्त करतं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला हे दोन्ही एकदम मिळालं की रस्ता बंद. म्हणून ज्यांना हा त्रास आहे त्यांनी सर्दीची गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये.

प्रोस्टेट म्हणजे काय, तर मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती बसलेली एक ग्रंथी. तरुणपणी अक्रोडाएवढी, वजन साधारण २० ग्रॅम. वयानुसार ती वाढते आणि मधली नळी दाबते. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांत ती थोडीफार वाढलेली सापडते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. माझी सोनोग्राफीत ८० ग्रॅम निघाली. आधी गोळ्या दिल्या. नळी काढून बघितली, लघवी परत तुंबली, परत नळी घातली. मग ऑपरेशन ठरलं.

डॉक्टरांनी मला संत्र्याचं उदाहरण दिलं: साल तशीच ठेवायची आणि आतला गर सोलून काढायचा. मी आपला खानापूरकडचा, मला ते फणसात समजलं. वरची काटेरी साल जागेवर ठेवायची आणि आतले गरे मोकळे करायचे. लघवीच्या वाटेनंच दुर्बीण आत जाते, तिच्यातून लेसरचा बारीक तंतू जातो. गरे सुटले की ते मूत्राशयात ढकलतात, तिथं एका यंत्रानं बारीक करून ओढून घेतात आणि तपासणीला पाठवतात. बाहेरून ना चिरा, ना टाका. हे लेसर होल्मियमचं. होल्मियम हे एक मूलद्रव्य आहे, नाव पडलंय स्टॉकहोम शहराच्या जुन्या लॅटिन नावावरून. मास्तर आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही. न्यूझीलंडचे डॉक्टर पीटर गिलिंग यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत बसवली.

आता माझा खरा मुद्दा. फणसाचे गरे काढल्यावर सालीच्या आतली बाजू कशी असते? ओली, चिकट, उघडी. तशीच जखम माझ्या आत होती आणि तिच्यावरून दिवसातून आठ-दहा वेळा लघवी जात होती. त्या जागी नवी त्वचा यायला सहा आठवडे ते तीन महिने लागतात. पण बाहेर काहीच दिसत नाही ना! तिसऱ्या दिवशी घरी आलो, चौथ्या दिवसापासून माणसं बघायला येऊ लागली. आमच्या गल्लीतली एक म्हातारी मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, “मास्तर, कुठं कापलंय, दाखवा की!” सगळे हसले, मीही हसलो. आणि त्या हसण्यात मलाही वाटून गेलं की खरंच, काय झालंय मला? मी तर ठणठणीत आहे.

दवाखान्यात निघताना नर्सबाईंनी कन्नडमध्ये बजावलं होतं, “नीर कुडीरी, भार एत्तब्याडरी.” पाणी प्या, ओझं उचलू नका. कागद दिला तो इंग्रजीत. आपल्या भागात हे असंच असतं. डॉक्टर एका भाषेत बोलतात, कागद दुसऱ्या भाषेत असतो आणि आपण तिसऱ्याच भाषेत मान हलवतो. मी मान हलवली. तुम्ही हलवू नका. समजलं नाही तर तिथंच, त्याच वेळी विचारा. घरातलं कुणी बरोबर असेल तर त्यांनाही ऐकवा. घरी आल्यावर निम्मं आपण विसरतो आणि निम्मं आपल्या सोयीनं आठवतो.

बारावा दिवस. भात मळून झालं होतं, टेम्पोतून पोती उतरत होती. पोरं कमी पडली. एक पोतं कडेला लोंबकळलं आणि मी हात लावला. उचललं नाही, म्हणजे मी स्वतःला तसं सांगितलं, नुसतं सावरलं. पण सावरायलाही पोटाला जोर लावावा लागतो. तासाभरानं लघवीला गेलो तर लालभडक. पाय लटपटले. मी भिंत धरून उभा, आणि बाहेरून पोरगा विचारतोय, “आप्पा, काय करूलास इतका वेळ?”

फोन केला. डॉक्टर रागावले नाहीत, नुसते विचारत गेले. गुठळ्या पडतायत का? धार चालू आहे का? ताप? नाही म्हटल्यावर म्हणाले, आडवे व्हा, पाणी वाढवा, संध्याकाळपर्यंत फिकं होत गेलं पाहिजे; नाही झालं तर या. संध्याकाळी गुलाबी झालं, दुसऱ्या दिवशी दुपारी पिवळं. त्यांनी समजावलं ते असं: दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमाराला आतल्या जखमेची खपली सुटते. ज्यानं काहीच उचललं नाही, त्यालाही तेव्हा थोडं रक्त दिसू शकतं. मी त्याच वेळी जोर लावला, मग दुसरं काय होणार?

तर आता नीट ऐका. लघवी गुलाबी होणं, मध्येच लालसर होणं, परत साफ होणं, हे महिना-दीड महिना येत-जात राहतं. त्यानं घाबरायचं नाही. पण रक्त दाट झालं, मोठ्या गुठळ्या पडू लागल्या, लघवी थांबली किंवा थंडी वाजून ताप १०१ च्या वर गेला, तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही. गुठळी नळीत अडकली की परत तीच रात्र, तीच ओम्नी.

पाणी किती? मी दोन तांबे मापून ठेवले होते. दिवसभरात अडीच लिटर, त्यातलं बहुतेक संध्याकाळी सातच्या आत, म्हणजे रात्रीचं उठणं वाढत नाही. ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा आजार आहे त्यांनी मात्र आपलं माप डॉक्टरकडून ठरवून घ्यायचं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती परत केव्हा घ्यायची, हेही त्यांनीच सांगायचं. शेजाऱ्याला कधी सुरू करायला सांगितलं होतं, ते विचारू नका.

पहिले दोन-तीन आठवडे जळजळ होते. मिरची लावल्यासारखी म्हणा. म्हणून जेवणातली मिरची मी कमी केली. ठेचा बंद, चहा दिवसातून एकदा. चहाचं सगळ्यात जड गेलं. लघवी लागली की थांबताच येत नाही, पळावं लागतं, असंही होतं. इतकी वर्षं अडथळ्याविरुद्ध जोर लावून मूत्राशय चिडकं झालेलं असतं. अडथळा गेला हे त्याला कळायला वेळ लागतो.

आणि गळती. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. खोकलो, शिंकलो, उठलो की थेंब गळायचे. पँटच्या आत पॅड ठेवून मी तीन आठवडे काढले. लाज वाटली? वाटली. पोरानं बेळगावातून पॅडचं पाकीट आणलं, तेही काळ्या पिशवीत, जसं काही चोरीचा माल. पण बहुतेकांचं हे काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत थांबतं. त्याला व्यायाम आहे. वायू अडवताना खालचे स्नायू आपण आत ओढतो ना, तसे ओढायचे, पाच सेकंद धरायचे, सोडायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा. नळी आत असताना करायचा नाही आणि लघवी चालू असताना अडवत बसायचं नाही. बाकी कुठंही करा, बाहेरून कुणाला कळत नाही. मी हरिपाठाला बसून करायचो. तोंडानं हरी आणि खाली हा उद्योग. देव माफ करेल असं धरून चाललो.

शौचाला जोर लावणं म्हणजेही एक पोतंच. पपई, पालेभाजी, रात्री कोमट पाण्यात इसबगोल, यावर मी निभावलं. नाहीच झालं तर औषध मागून घ्यावं, कुंथू नये. मोटरसायकल महिना-दीड महिना बंद. आपल्या रस्त्यांवर सीटखालून जे दणके बसतात ते थेट त्या जखमेच्या शेजारी बसतात. चालणं मात्र दुसऱ्या दिवसापासूनच. पहिल्यांदा अंगणात, मग मारुतीच्या देवळापर्यंत.

आता नवरा-बायकोतली गोष्ट. वहिनी, तुम्हीही ऐका, आवाज कमी करू नका. पाच-सहा आठवडे संबंध नको. त्यानंतर ताठरता बहुतेकांची पहिल्यासारखीच राहते. पण वीर्य बाहेर येत नाही किंवा अगदी थोडं येतं. ते मागं मूत्राशयात जातं आणि पुढच्या लघवीबरोबर निघून जातं. चारातल्या तिघांना तरी असं होतं आणि ते बहुधा कायमचंच. त्यात धोका काही नाही, पण ज्याला अजून मूल हवं आहे त्यानं ऑपरेशनआधीच हे बोलून घ्यावं. हे आधी माहीत नसलेला माणूस उगाच खचतो. मला आधी सांगितलं होतं, तरी मी थोडा खचलो होतो. आमची ही म्हणाली, “आता या वयात काय हिशोब ठेवणार आहात?” विषय तिथं संपला.

तपासणीचा रिपोर्ट यायला आठवडा लागला. साधी वाढ निघाली. त्या आठवड्यात झोप आली नाही आणि कारण लघवी नव्हतं. पण डॉक्टरांनी एक बजावलं: गरे गेले तरी साल आहे. त्या सालीत पुढं कॅन्सर होऊ शकतो, म्हणून पीएसए ही रक्ताची तपासणी त्यांनी सांगितलेल्या वेळी करत राहायची. ऑपरेशननंतर तो आकडा बराच खाली येतो. खाली आलेला आकडा हळूहळू वर चढू लागला, तर तो ‘नॉर्मलच्या आत’ असला तरी दाखवायचा.

आता मी रात्री एकदा उठतो. कधी तेही नाही. धार कशी आहे ते सांगत नाही, उगाच दृष्ट लागेल.

आमच्या भजनातला एक गडी आहे, माझ्याच वयाचा. अभंग चालू असताना दोनदा टाळ खाली ठेवून बाहेर जातो, परत येतो तेव्हा ध्रुपद संपलेलं असतं. मी त्याला काही विचारलं नाही. फक्त आजची वेळ सांगितली आणि म्हटलं, रेडिओ लाव. तर गड्या, ऐकत असशील तर, गुरुवारी मी बेळगावला फेरतपासणीला जातोय. सव्वासातची बस. खिडकीकडची जागा तुझ्यासाठी धरून ठेवतो, दाराजवळचीच.