कॉन्वी: नदीच्या मुखावरचा किल्ला

(दृश्य: भरतीचं पाणी, मागे करड्या दगडाचे आठ बुरूज)

वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर कॉन्वी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या अरुंद खडकावर हा किल्ला उभा आहे. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने 1283 मध्ये वेल्स जिंकता जिंकताच काम काढलं आणि 1287 पर्यंत किल्ला आणि गावाचा तट, दोन्ही उभे केले. दोन्हींचा मिळून खर्च सुमारे 15,000 पौंड. इथे आधी सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या संन्याशांचा मठ होता आणि वेल्सचा थोर शासक लेवेलिन याला तिथेच पुरलं होतं. एडवर्डने तो मठच उठवून नदीच्या वरच्या अंगाला काही मैल आत नेऊन बसवला. हरलेल्या मुलखाला यापेक्षा स्पष्ट निरोप काय द्यायचा!

(दृश्य: पश्चिमेचा दरवाजा)

आत शिरण्याआधी मान वर करा. दरवाजावरचा कठडा दगडी घोड्यांवर, म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेल्या आधाराच्या दगडांवर, भिंतीच्या पुढे काढला आहे. घोड्यांमधल्या मोकळ्या जागेतून खाली आलेल्यांवर थेट दगड टाकता येत. ब्रिटनमध्ये शिल्लक असलेली या प्रकारची ही सर्वांत जुनी दगडी रचना. बांधकामाचा प्रमुख होता सॅव्हॉयचा मास्टर जेम्स. बुरुजांच्या बाहेरच्या अंगावर चौकोनी भोकं दिसतील. ती बांधकामाच्या परांचीच्या वाशांची. मास्टर जेम्सच्या कामांत अशा भोकांच्या ओळी काही ठिकाणी तिरप्या चढत जातात, म्हणजे परांची बुरुजाभोवती उतरणीसारखी फिरवलेली असे आणि सामान वर न्यायला सोपं पडे. आज उघडा दिसणारा हा दगड तेव्हा पांढराशुभ्र होता. वरून चुना फासलेला असे, त्याचे अंश अजून सापडतात.

बाहेरच्या चौकात उजवीकडे मोठा दिवाणखाना. त्याची भिंत वाकडी आहे, कारण खडकच वाकडा आहे. सपाटी करण्यात वेळ घालवण्याऐवजी भिंतच खडकाप्रमाणे वळवली. वर बघितलंत तर एकच दगडी कमान दिसेल, आणि या किल्ल्याचं खरं दुखणं तिथेच आहे. मूळ छतं लाकडी, त्यावर शिशाचे पत्रे. समुद्रावरचा वारा, पाऊस आणि राजाची पाठ वळल्यावर झालेली हेळसांड, यांनी साठ वर्षांच्या आत लाकूड कुजलं. 1340 च्या दशकात युवराजाच्या अधिकाऱ्यांनी दगडी कमानी घालून छतांना आधार दिला. त्यातली ही एक.

(दृश्य: विहीर)

पुढे आतल्या चौकाच्या दारापाशी विहीर लागते. खोली 28 मीटर, पाणी झऱ्याचं. तिच्याजवळ खडकात खणलेला खंदक आणि उचलता पूल होता. बाहेरचा चौक पडला तरी आतला चौक आपल्यापुरता लढू शकावा, अशी ही आखणी.

पण किल्ल्याची खरी नाळ पूर्वेला होती. तिकडच्या दारातून खाली नदीवरच्या लहान धक्क्याकडे वाट उतरायची. किल्ल्याला गावातून वेढा पडला तरी रसद होडीने येई. 1294 च्या हिवाळ्यात मॅडॉग या वेल्श पुढाऱ्याच्या बंडाच्या वेळी खुद्द एडवर्ड इथे अडकला. गलबतं पोचेपर्यंत तग धरता आला, तो याच वाटेच्या भरवशावर. आज ते दार शोधायला गेलात तर दिसणार नाही. 1826 चा अभियंता टेलफर्डचा झुलता पूल आणि मागाहून आलेले पूल यांनी ती बाजू पार झाकून टाकली आहे. पूल सुंदर आहे, पण किल्ल्याचं नदीशी नातं त्याने तोडलं.

भिंती चार मीटरांहून जाड, तरी किल्ला गेला तो माणसांच्या गाफीलपणामुळे. 1 एप्रिल 1401, गुड फ्रायडे. शिबंदी गावातल्या चर्चमध्ये. दुरुस्तीला आलेले सुतार असल्याचं सोंग करून र्‍हिस आणि ग्विलिम हे वेल्श बंडखोर ट्यूडर बंधू आत शिरले, पहाऱ्यावरच्या दोघांना मारलं आणि दार लावून घेतलं. तोफ नाही, शिडी नाही. काही आठवडे किल्ला त्यांच्याकडे होता आणि सुटले तेही माफीचा करार करून.

पुढचं थोडक्यात. राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धात 1646 मध्ये संसदेच्या फौजेने किल्ला घेतला, 1655 मध्ये तो निकामी करायचा हुकूम निघाला आणि 1665 मध्ये मालकानेच छताचं शिसं नि लाकूड उतरवून नेलं. पोकळ दिसणारे मजले ही त्याची करणी.

(दृश्य: बुरुजाचा जिना)

वर चढताना घाई करू नका. जिने गोल आणि अरुंद, पायऱ्या झिजलेल्या, आणि पाऊस पडून गेला की दगड निसरडा होतो. समोरून कोणी उतरत असेल तर खालच्याने थांबावं. कोसळलेल्या मजल्यांच्या जागी भिंतीत तुळयांच्या खोबणी रांगेने दिसतात. त्या मोजल्या की बुरुजाला किती मजले होते ते कळतं. पिशवी पाठीवर नको, पुढे घ्या.

किल्ल्याचं तिकीट लागतं, गावाचा तट मात्र फुकट. 1.3 किलोमीटर लांब, 21 बुरूज आणि तीन मूळ दरवाजे. पश्चिमेच्या चढावर गेलात की मागे वळून बघा, आठही बुरूज आणि नदी एका नजरेत येतात. मग दक्षिणेच्या भिंतीकडे उतरा. तिथे बाहेर काढलेल्या दगडांवर ओळीने 12 संडास आहेत, शेजारी काम करणाऱ्या राजाच्या कारकुनांसाठी बांधलेले.