पॅकेज आहे, पण सापडत नाही

(कोल्हापुरात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, सॉफ्टवेअर लिहायचं कसं हे तुम्हाला रोज शिकवतात. लिहून ठेवलेलं सापडत का नाही, यावर मी बोलणार आहे. वर्गीकरणाचा मुद्दा पुढे येईलच. आधी शाहूपुरीतल्या माझ्या मेहुण्याचं ऐका.

त्याचं लग्नपत्रिकांचं दुकान. काम एवढंच, की दोन पीडीएफ फायली जोडायच्या. मशीनवर डेबियन, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, मीच घालून दिलेलं. यानं ब्राउझर उघडला आणि पहिल्याच साइटवर गेला. तिथं 'डाउनलोड'ची चार हिरवी बटणं, खरं एकच, तेही सगळ्यात बारीक. गड्यानं मोठं दाबलं. उतरली ती विंडोजची फाइल. ती चालली नाही, म्हणून मशीन वाचलं! (हशा) वर मलाच फोन: "दाजी, तुमच्या लिनक्सात कायबी न्हाई बघा."

आणि डेबियनच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर-भांडारात काय काय होतं? पीडीएफ-अरेंजर होतं, क्यूपीडीएफ होतं. पॉपलर-युटिल्स होतं, त्यात फायली जोडणारं पीडीएफयुनाइट. आता पॉपलरच्या पोटात पीडीएफ आहे हे पत्रिकावाल्यानं कसं ओळखायचं? या प्रोग्रामर मंडळींना बारशाला बोलवू नये, पोराचं नाव काय ठेवतील सांगता येत नाही. (हशा)

पण सगळा राग नावांवर काढू नका. डेबियन 12 मध्ये 64 हजारांवर पॅकेजेस, म्हणजे भांडारातले सॉफ्टवेअरचे गठ्ठे, आहेत आणि प्रत्येकाला विभाग एकच. एव्हिन्स आणि ओक्युलर, दोन्ही पीडीएफ वाचायची. पण एक 'ग्नोम' विभागात, दुसरं 'केडीई'त. ही लिनक्सच्या दोन वेगवेगळ्या डेस्कटॉपांची नावं. म्हणजे मांडणी बनवणाऱ्याच्या सोयीची. वापरणारा कामानं शोधतो, त्याचा विचारच नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलंत ते आता पळत सांगतो.

करवीर नगर वाचन मंदिरात 1850 पासून पुस्तकं आहेत. पुस्तक कपाटात एकाच जागी बसतं, ही कागदाची अडचण. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1933 च्या द्विबिंदू वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकं लावायच्या त्यांच्या पद्धतीत, विषयाचे पैलू सुटे केले आणि ते जोडून क्रमांक बनवला. डेबियनच्या डेबटॅग्जनं, म्हणजे पॅकेजेसना खुणा लावायच्या पद्धतीनं, तीच वाट धरली: काम कोणतं, फाइल कोणती, खिडकीत चालतं की टर्मिनलवर, अशी प्रत्येक पैलूची वेगळी खूण. तीन खुणा एकत्र लावल्या की हजारोंतली मोजकी उरतात.

दुसरं, ॲपस्ट्रीम, म्हणजे सॉफ्टवेअरची माहिती लिहायची ठरलेली पद्धत. सॉफ्टवेअर सेंटरमध्ये दिसणारं वर्णन, स्क्रीनशॉट आणि शोधशब्द त्यातून येतात, आणि भाषेनुसार वेगळे देता येतात. 'पीडीएफ जोडा', 'पानं फिरवा' हे शब्द तिथं कुणीतरी घालायला हवेत. त्याला कोडिंग येणं गरजेचं नाही, फक्त दुकानदार काय म्हणून शोधतो ते ऐकलेलं असावं.

बाकी, प्रोजेक्टला विषय नाही म्हणून फिरणाऱ्यांनी चहाच्या वेळी मला गाठा. पीडीएफवाल्या पॅकेजेसपासून सुरुवात करू.