लेथवरचं शहर
(माहितीपटाचं निवेदन)

(कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी. रात्र. भट्टी कलते.)

लोखंडाचा रस. तापमान १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास. भट्टीतून लॅडल नावाच्या भांड्यात, लॅडलमधून साच्यात. रेंगाळायला वेळ नसतो. रस निवत गेला की साच्याच्या टोकापर्यंत पोचत नाही, आणि जॉब, म्हणजे ओतलेला भाग, वाया जातो.

(वाळूचा क्लोज-अप. हात.)

आता ही वाळू बघा. दिसायला साधी. पण तिच्यात बेंटोनाइट माती आहे, कोळशाची भुकटी आहे आणि मोजून घातलेलं पाणी आहे. मूठभर घ्यायची, दाबायची. बोटांचे ठसे स्वच्छ उमटले पाहिजेत आणि गोळा मोडला तर कड नीट तुटली पाहिजे. पाणी जास्त झालं तर आत वाफ कोंडते, कास्टिंगला, म्हणजे ओतीव भागाला, भोकं पडतात. कमी झालं तर साचा ढासळतो. प्रयोगशाळेत यासाठी उपकरणं आहेत. तरी जुना मोल्डर, म्हणजे साचा करणारा कारागीर, आधी मूठ दाबतो, मग आकडा विचारतो.

(स्पेक्ट्रोमीटर. ठिणगी.)

रस ओतण्याआधी त्याचा एक छोटा तुकडा पाडून इथे आणतात. त्यावर ठिणगी पाडली की यंत्र त्या ठिणगीचा उजेड वाचतं आणि मिनिटभरात सांगतं: कार्बन इतका, सिलिकॉन इतकं, गंधक इतकं. आकडा बसला नाही तर भट्टी थांबते. ट्रॅक्टरचा ब्लॉक असो की ट्रकचा ब्रेक ड्रम, या ठिणगीतून सुटका नाही.

कोल्हापूर आणि आसपासच्या पट्ट्यात अशा सुमारे ३०० फौंड्री, म्हणजे ओतकामाचे कारखाने, आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित या औद्योगिक वसाहतींत. कोल्हापूर हाय-टेक शहर होणार का, हा प्रश्न घेऊन आम्ही निघालो, तेव्हा भेटेल त्यानं आयटी पार्कच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. आम्ही आधी इकडे आलो. मोकळ्या जागेचं चित्रीकरण किती वेळ करणार?

(शिवाजी उद्यमनगर. सकाळ. शटर वर जातात.)

हे उद्यमनगर. इथल्या गल्लीत चालायला लागलं की लेथचा, म्हणजे लोखंड कातणाऱ्या यंत्राचा, आवाज एका दुकानातून दुसऱ्या दुकानात सोबत येतो. एकाकडे टर्निंग, शेजाऱ्याकडे मिलिंग, समोर ग्राइंडिंग, कोपऱ्यावर हार्डनिंग. एक शाफ्ट, म्हणजे यंत्राचा फिरता दांडा, हातगाड्यावरून चार दुकानं फिरतो आणि संध्याकाळी तयार होतो. एवढा मोठा कारखाना, फक्त त्याला एक छप्पर नाही.

हे कसं उभं राहिलं? उसामुळे. पंचगंगेच्या खोऱ्यात ऊस वाढला, गुऱ्हाळं वाढली. गुऱ्हाळाला ऊस पिळायचे चरक लागले. चरक फिरवायला आणि नदीचं पाणी वर चढवायला ऑईल इंजिनं लागली. बाहेरचं इंजिन बिघडलं की ते उघडायचं, एकेक भाग मोजायचा आणि तसाच इथे करायचा. दुरुस्ती करता करता मिस्त्री लोक इंजिनच बनवायला लागले. इंजिनाला ब्लॉक हवा, ब्लॉकला ओतकाम हवं, म्हणून फौंड्री. पुढे मोटारींचे सुटे भाग आले आणि वर्तमानपत्रं छापायची अजस्र यंत्रंसुद्धा इथे तयार झाली.

(राधानगरी धरण. दरवाजा उघडतो.)

राधानगरीच्या धरणाचं काम शाहू महाराजांच्या काळात सुरू झालं. त्याला ७ स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला गेलं की ते आपले आपण उघडतात. वीज लागत नाही, बटण लागत नाही. दर पावसाळ्यात राधानगरीचा दरवाजा उघडल्याची बातमी येते आणि नदीकाठची गावं जनावरं सोडायला लागतात. ऑटोमेशन हा शब्द या जिल्ह्याला नवा असेल, गोष्ट नवी नाही.

(खरी कॉर्नर. कॅमेरा मानस्तंभ. वाहनांची गर्दी.)

आणि हा खरी कॉर्नर. सिग्नलला थांबलेल्यांपैकी किती जण वर बघतात, ते माहीत नाही. वर कॅमेरा आहे.

बाबूराव पेंटर आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव, दोघेही नाटकांचे पडदे रंगवणारे. सिनेमा पाहिला आणि तो आपणच करायचा, असं दोघांनी घेतलं. त्यासाठी कॅमेरा हवा. तो घरीच बनवायचा ठरला. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूराव मागे हटले नाहीत. विष्णुपंत दामले या शिष्याला हाताशी धरून त्यांनी १९१८ साली चालता कॅमेरा उभा केला.

हे काम किती नाजूक, ते समजून घेतलं पाहिजे. हातानं मूठ फिरवायची. ती फिरताना फिल्मची पट्टी सलग सरकून चालत नाही. ती एक घर पुढे जाते, थांबते, थांबलेली असतानाच कॅमेऱ्यातला पडदा उघडतो, उजेड आत येतो, पडदा मिटतो, मग पट्टी पुन्हा पुढे. सेकंदाला सोळाच्या आसपास वेळा. दात केसभर चुकला तरी पडद्यावर चित्र थरथरतं. आज याला प्रिसिजन इंजिनिअरिंग म्हणतात आणि त्याची प्रमाणपत्रं भिंतीवर लावतात. १९१८ साली ते कोल्हापुरात कानस आणि लेथवर झालं, आणि १९२० साली त्या कॅमेऱ्यावर चित्रित झालेला मूकपट लोकांनी पाहिला.

(प्रभातचं बोधचिन्ह. जुनी छायाचित्रं.)

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि मंडळींनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. बाबूरावांच्या हाताखाली शिकलेली माणसं. १९३३ साली प्रभात पुण्याला गेली. आज पुण्यातल्या त्या जागेवर एफटीआयआय ही चित्रपट शिकवणारी संस्था आहे. कोल्हापूरनं पुण्याला दिलेलं पहिलं स्टार्टअप म्हणायला हरकत नाही.

पुणेकरांनी फार हसू नये. १९८१ साली पुण्यात सुरू झालेली इन्फोसिस १९८३ साली बंगळूरला गेली. पण बंगळूरला तेव्हा काय होतं? १९०९ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था होती. १९४० साली सुरू झालेला विमानांचा कारखाना होता. यंत्रावर हात बसलेल्या माणसांच्या दोन-तीन पिढ्या होत्या. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स तिथे आली १९८५ साली. काचेच्या इमारती सगळ्यात शेवटी आल्या. आपल्याकडे चर्चा इमारतीपासूनच सुरू होते.

(मध्यवर्ती बस स्थानक. रविवार, रात्र. बॅगा.)

पुण्याच्या गाड्या. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, म्हणजे तिथले आयटीवाले भाग. शिवाजी विद्यापीठ १९६२ सालचं, केआयटी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ सालचं. त्यानंतर महाविद्यालयं वाढतच गेली. इंजिनिअर आपण तयार करतो. त्यांचं पुढे काय होतं, ते या फलाटावर दिसतं.

(टेंबलाईवाडी. नंतर शेंडा पार्क, ड्रोन.)

टेंबलाईवाडीला आयटी पार्क होणार, हे ऐकत एक पिढी शिकून बाहेर पडली. आता शेंडा पार्कातल्या कृषी विद्यापीठाच्या जागेवर आयटी पार्कची घोषणा आहे. जागा उत्तम आहे. विमानतळ जवळ, महामार्ग जवळ.

(उजळाईवाडी विमानतळ. काळ्या दगडाच्या कमानी.)

विमानतळाची नवी इमारत मार्च २०२४ मध्ये खुली झाली. सप्टेंबर २०२४ पासून पुण्याला वंदे भारत धावते. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलं. त्यासाठी वकिलांनी किती वर्षं आंदोलन केलं, ते शहराला ठाऊक आहे. म्हणजे मागितलेलं मिळतच नाही, असं नाही. मिळेपर्यंत मागावं लागतं.

(कारखान्याचा वरचा मजला. संगणकाचे पडदे.)

आता पुन्हा फौंड्रीत, पण जिना चढून. खाली वाळू, वर वातानुकूलित खोली. पडद्यावर एका कास्टिंगचं चित्र आहे. लाल भाग अजून पातळ, निळा भाग घट्ट झालेला. जिथे लाल सगळ्यात शेवटी उरतो, तिथे लोखंड आकसून पोकळी राहणार. त्या जागी रायझर द्यायचा, म्हणजे जादा रसाची कोठी. आकसणाऱ्या लोखंडाला तिथून रस मिळत राहतो. पूर्वी हे कसं कळायचं? पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, करा, ओता, कापा, आत बघा, पॅटर्न बदला, पुन्हा ओता. एका नव्या जॉबला महिने जायचे आणि लोखंडाचा ढीग लागायचा. आता तेच दहा वेळा पडद्यावर ओतून बघतात आणि मग एकदा खाली.

(बाइट: डिझाइन विभागातली इंजिनिअर.)

“हे सॉफ्टवेअरचंच काम आहे. फरक एवढाच, की इथे उत्तर चुकलं तर पंधरा मिनिटांत खाली जाऊन चूक हातात घेता येते. हिंजवडीतल्या टेबलावरून ते जमत नाही.”

पण असे वरचे मजले अजून मोजके आहेत. यंत्रमानव, तपासणी करणारा व्हिजन कॅमेरा, मशीनची नाडी पकडणारे सेन्सर बहुतेक बाहेरून येतात, त्यांची दुरुस्तीही बाहेरून येते. ज्या गल्लीनं बाहेरचं इंजिन उघडून स्वतःचं केलं, ती या बाबतीत अजून गिऱ्हाईकच आहे. आणि वेळ फार नाही. विजेच्या गाडीला इंजिन ब्लॉक लागत नाही, सिलिंडर हेड लागत नाही. ब्रेक ड्रम लागेल, मोटरचं आवरणही लागेल, पण ते आवरण ॲल्युमिनियममध्ये, हलकं, वेगळ्या मापाचं.

(महामार्ग. पुराचं जुनं चित्रीकरण.)

अडचणी सगळ्यांना पाठ आहेत. वीजदर जास्त, आणि कागलच्या पुढे कोगनोळी आली की कर्नाटक, म्हणजे उद्योगाला दुसऱ्या राज्याचा पर्याय जवळच. १९७२ साली महापालिका झाली, हद्द तिथेच थांबली. कारखाने हद्दीबाहेर, हद्दवाढीचा वाद हद्दीच्या दोन्ही बाजूंना. २०१९ आणि २०२१ साली पुरानं महामार्ग अडवला. साच्यांवरचे बहुतेक हात आज उत्तर भारतातून आणि ओडिशातून येतात, आणि भट्टीजवळची धूळ त्यांच्या फुप्फुसात जाते.

(शेंडा पार्क. मोजणीचे दगड.)

जागेचा कागद होईल तेव्हा होईल. पण पार्कातले गाळे कुणाला द्यायचे, हे आत्ताच ठरवता येतं. मुंबई-पुण्याच्या कंपनीनं एखादी शाखा काढावी म्हणून वाट बघत बसण्यापेक्षा पहिला मजला शिरोलीच्या कामाला द्यावा: कास्टिंगचं सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर ओतून बघणं, तपासणीचे कॅमेरे, सेन्सर, यंत्रमानवांची दुरुस्ती. भाडं कमी, एक अट. आत येणाऱ्या प्रत्येक कंपनीनं निदान एक तरी काम जिल्ह्यातल्या कारखान्यासाठी केलेलं असलं पाहिजे. गिऱ्हाईक अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे, आणि त्याला घाई आहे.