पान उलटं करून बघा : फुलोऱ्यातलं सोयाबीन, ठिपके आणि पिवळेपणा

(शॉट : सकाळ, सोयाबीनचं रान, पानांवर दव)

नमस्कार मंडळी. हे रान कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्वेच्या शिरोळ तालुक्यातलं, काळीभोर भारी माती, आणि सोयाबीन आत्ता ऐन फुलोऱ्यात आहे. लांबनं बघितलं तर सगळं हिरवंगार, फुलं तर दिसतच नाहीत, एवढी बारकी आणि पानांच्या बेचक्यात लपलेली. पण कॅमेरा जरा खाली घेतला की बुडाच्या पानांवर तपकिरी ठिपके दिसायला लागतात, आणि मधल्या पट्ट्यात शेंडे पिवळे पडलेत. एकाच रानात दोन वेगळी दुखणी, आणि आपल्याकडं दोन्हीला औषध एकच, दुकानदार देईल ते.

(शॉट : खतांचं दुकान, काउंटर)

हे ऐका.
"दादा, सोयाबीन पिवळं पडाय लागलंय, ठिपके पण आलेत."
"किती एकर हाय?"

बघितलं? पान वरचं का खालचं, ठिपका वरनं का खालनं, पाणी कधी साचलं होतं का, काही नाही. पहिला प्रश्न एकराचा. मग काउंटरवर चार डबे येतात, एक बुरशीनाशक, एक कीटकनाशक, एक मायक्रोन्यूट्रियंट (सूक्ष्म अन्नद्रव्यं) आणि एक टॉनिक, चारही एकाच पंपात. दुकानदार काय वाईट माणूस नसतो, उधारीवर पण तोच देतो, पण त्यानं रान बघितलेलं नसतं ना.

(शॉट : क्लोजअप, बोटांनी पान उलटं केलंय, भिंग)

आता हा शॉट नीट बघा, यासाठीच सगळा व्हिडिओ केलाय. हे बुडाचं पान. वरनं नुसते तपकिरी ठिपके, कशाचेही असू शकतात. उलटं केलं आणि भिंग धरलं की बारीक बारीक फोड, प्रत्येकाच्या डोक्याला ज्वालामुखीसारखं तोंड. आता पांढरा रुमाल घ्या आणि पानाच्या खालच्या बाजूवर हलकेच घासा. रुमालाला विटकरी भुकटी लागली? झालं, हा तांबेरा, बुरशीचा रोग. ही भुकटी म्हणजे त्या बुरशीचे बीजाणू, वाऱ्यावर उडून शेजारच्या रानात जाणारे.

आता दुसरं पान. यालाही खाली फोडच आहेत, भोवती पिवळी कडा आहे, घाईत बघणारा यालाही तांबेराच म्हणणार. पण फोडाला तोंड नाही आणि रुमाल पांढराच राहिला. हे जिवाणूमुळं आलेलं पुरळ. तांबेऱ्याचं औषध याच्यावर मारलं तर पैसे बांधावर ओतल्यासारखेच, कारण बुरशीनाशकाला जिवाणू दाद देत नाही.

आणि हे तिसरं, याच्यावरचे डाग एकसारखे, फक्त वरच्या बाजूला, फवाऱ्याचे थेंब पडले तिथंच. हा रोगच नाही, भर उन्हात कडक डोस मारल्यामुळं पान भाजलंय. रोगाचे ठिपके काही दिवसांनी नव्या पानांवर जातात, भाजल्याचे डाग आहेत तिथंच राहतात.

कोल्हापूर, सांगली, सातारा आणि खाली बेळगावपर्यंतचा हा पट्टा तांबेऱ्याचं माहेरघरच म्हणायचं. गणपतीच्या आसपास भुरभुर पाऊस, ढगाळ हवा, पान सहा-सात तास ओलं आणि गारवा, याला लई आवडतं. सुरुवात नेहमी बुडाकडनं, कारण तिथं वारं खेळत नाही, म्हणून रस्त्यावर गाडी थांबवून रान बघणाऱ्याला तो उशिरा दिसतो. हेक्झाकोनॅझोल किंवा प्रोपिकोनॅझोल, लिटरला एक मिली, पहिले ठिपके दिसले की लगेच, आणि पाण्याची फवार पानाच्या खालच्या बाजूला पोचली पाहिजे. वेळ गेली तर पानं गळतात, शेंगा पोचट राहतात आणि दाणा बारीक पडतो.

(शॉट : पिवळे शेंडे, शिरा हिरव्या)

आता पिवळेपणा. इथं एकच गोष्ट डोक्यात ठेवायची, पिवळं आधी कुठलं झालं, शेंड्याचं का बुडाचं? हे बघा, शेंड्याचं कोवळं पान, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, जास्त झालं की पांढुरका. ही लोहाची कमतरता. लोह झाडात एकदा बसलं की जुन्या पानातनं नव्याकडं सरकत नाही, म्हणून उपाशी राहतं ते नवं पान. गंमत अशी की या मातीत लोह चिक्कार आहे, पण चुनखडी आणि सामू (मातीचा पीएच) जास्त असल्यामुळं ते मुळांना घेता येत नाही. त्यात शिरोळकडं वर्षानुवर्षं उसाला पाट सोडून सोडून रानं चोपण, म्हणजे घट्ट, पाणी न जिरणारी झालीत, काही ठिकाणी तर मीठ फुटलंय, आणि पाणी साचलं की हा पिवळेपणा अजून वाढतो. म्हणून पहिलं औषध चर काढून पाणी बाहेर घालवणं, मग फेरस सल्फेट, लिटरला पाच ग्रॅम, त्यात अडीच ग्रॅम चुन्याची निवळी. आणि शून्य-बावन्न-चौतीस, म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाशाचं (पोटॅश) विरघळणारं खत, त्याच्याबरोबर ते एका पंपात घालू नका, तळाला साका बसतो आणि लोहही गेलं, स्फुरदही गेलं.

(शॉट : चंदगडकडचं तांबडं रान, पावसात)

हेच जिल्ह्याच्या पश्चिमेला, चंदगड, आजऱ्याकडं उलटं. तांबडी, आम्ल माती, पाऊस इतका की मॅग्नेशियम धुऊन जातं. मॅग्नेशियम झाडात सरकतं, जुन्या पानातनं निघून नव्याला मिळतं, म्हणून इथं बुडाची पानं शिरांच्या मधे पिवळी होतात आणि शेंडा चांगला दिसतो. पालाश कमी असेल तर बुडाच्या पानांची कड करपते. एकाच जिल्ह्यात, एकाच पिकाला, पिवळ्या पानाचा अर्थ पूर्वेला वेगळा आणि पश्चिमेला वेगळा, आणि टॉनिकचा डबा दोन्हीकडं तोच.

आणि हा हिरवा-पिवळा वेडावाकडा चट्टा, शिरांशी काही संबंध नसलेला, हा पिवळा मोझॅक. विषाणू, पांढरी माशी पसरवते. याला औषध नाही, झाड उपटा आणि गाडून टाका.

(शॉट : झाड मुळासकट उपटलंय, मुळावरच्या गाठी, ब्लेड)

अख्खं झाडच फिकट दिसत असेल तर युरिया टाकायच्या आधी एक झाड उपटा. ह्या गाठी, यातले जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देतात, आणि फुलोऱ्यात त्यांचं काम जोरात असतं. ब्लेडनं एक गाठ कापली. आतून गुलाबी, म्हणजे चालू आहे. ही दुसरी, पाणी साचलेल्या कोपऱ्यातली, आतून हिरवट-करडी, बंद पडलेली.

बियाण्याचं थोडक्यात : जुनी जेएस 335 ही जात तांबेऱ्याला पटकन बळी पडते. सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रज संशोधन केंद्रात तयार झालेल्या फुले अग्रणी (केडीएस 344) आणि फुले संगम (केडीएस 726) तांबेऱ्याला बऱ्यापैकी टिकतात, टिकतात म्हणजे अजिबात येत नाही असं नव्हे.

(शॉट : कापणीनंतरचं रान, खुरपं, कापडी पिशवी)

माती परीक्षणाचा नमुना आत्ता नाही, काढणी झाल्यावर, पुढचं खत टाकायच्या आधी घ्यायचा. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल व्ही आकाराचा खड्डा, त्याच्या कडेची माती खरवडून एकत्र करायची, सावलीत वाळवायची आणि अर्धा किलो पिशवीत भरायची. बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताचा ढीग होता तिथली माती घ्यायची नाही. काळं रान आणि तांबडं रान असेल तर पिशव्या दोन, आणि आत चिठ्ठीवर गट नंबर आणि मागचं पीक लिहून टाका.