विश्वचषकाआधीचे नऊ महिने

(मैदान, संथ गतीतली धाव)

नीट बघा, या फुटबॉलपटूला कुणी हातही लावलेला नाही. चेंडू अडवायला ती जोरात आली, थबकली आणि डावीकडे वळायला गेली. बुटाचे स्टड गवतात रुतून बसले. पाऊल जागीच राहिलं, गुडघा आत झुकला, अंग मात्र पुढे गेलं. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला हाडं जोडणारा बंध, बहुतेक वेळा असंच तुटतं: वळताना, थांबताना, उडी मारून उतरताना. धक्काबुक्कीत त्या मानाने कमी. अनेक खेळाडूंना आतून 'फट्' असा आवाज ऐकू येतो आणि काय झालं ते तिथेच कळतं.

(स्टेडियमबाहेरची पोस्टर्स)

2023 चा महिला फुटबॉल विश्वचषक ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये भरला. त्याआधीच्या एकाच मोसमात आर्सेनल या इंग्लिश क्लबच्या चौघींचं एसीएल तुटलं. नोव्हेंबरमध्ये इंग्लंडची बेथ मीड, डिसेंबरमध्ये नेदरलँड्सची विव्हियान मिडेमा, एप्रिलमध्ये इंग्लंडची कर्णधार लिआ विल्यमसन, मे महिन्यात ऑस्ट्रियाची लाउरा वीनरॉइटर. पहिल्या तिघींचा विश्वचषक हुकला. चौथीचा देश पात्रच ठरला नव्हता.

(शस्त्रक्रियागृह, दुर्बिणीचा पडदा)

हा गुडघा दुसऱ्या एका व्यावसायिक खेळाडूचा. दोन छोट्या छिद्रांतून दुर्बीण आणि अवजारं आत गेली आहेत. नीट दिसावं म्हणून सलाईनचं पाणी सतत सोडलं जातंय. मधोमध पांढरे धागे तरंगताहेत ना, उसवलेल्या सुंभासारखे? तेच तुटलेलं एसीएल. मांडीचं हाड आणि नडगी यांना जोडणारं, जेमतेम तीनेक सेंटिमीटरचं. हे सहसा आपोआप सांधत नाही. मग सर्जन नडगीच्या आतल्या बाजूला छोटा छेद घेऊन मांडीमागच्या स्नायूची कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी जोडणारी दोरी, ओढून काढतात. ती टेबलावर दुमडली जाते, टाके घालून ताणून ठेवली जाते, तिची जाडी मोजली जाते. त्याच मापाचं भोक दोन्ही हाडांत पाडायचं. आता बघा, दोऱ्याला बांधलेली कंडरा खालून वर सरकत येतेय. वर बटण, खाली स्क्रू. गुडघा वाकवून, सरळ करून पाहिला, झालं.

झालं म्हणजे सर्जनचं काम झालं.

(जिम)

इथला पहिला मोठा पराक्रम म्हणजे पाय पूर्ण सरळ करणं. सूज उतरते, कुबड्या सुटतात, दुखणं कमी होतं आणि घोळ तिथेच होतो. बसवलेल्या कंडरेत नव्याने रक्तपुरवठा सुरू होत असतो, त्या पहिल्या काही महिन्यांत ती उलट कमकुवत असते. गुडघा म्हणतो बरा आहे. फिजिओ म्हणतो, थांब. पुढे मशीनवर दोन्ही मांड्यांची ताकद मोजतात, एका पायावर उड्या मारायला लावतात. ऑपरेशन झालेला पाय दुसऱ्याच्या किमान नव्वद टक्क्यांवर यावा लागतो. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरलं, तर एसीएल पुन्हा तुटण्याचा धोका बराच वाढतो.

स्पेनची अलेक्सिया पुतेयास 2022 च्या युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी सरावात कोसळली. ती स्पर्धा गेली, पण विश्वचषकापर्यंत वर्षभर हाताशी होतं. जवळपास दहा महिन्यांनी, एप्रिलअखेरीस ती परतली आणि ऑगस्टमध्ये स्पेनबरोबर विश्वविजेती झाली. मीडकडे आठ महिने होते, विल्यमसनकडे तीन.

(सराव, मग बुटांचा क्लोज-अप)

'फिफा 11 प्लस' हा वॉर्म-अप वीसेक मिनिटांचा. उडी मारून गुडघा आत न झुकवता उतरणं, एका पायावर तोल, मांडीमागच्या स्नायूंचे व्यायाम. नियमित केला तर दुखापती कमी होतात, हे अभ्यासांतून दिसलंय. खर्च जवळजवळ शून्य, आणि तरी वेळ नसला की आधी हाच गाळतात!

आणि हे बूट. बायकांचं एसीएल पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त वेळा तुटतं, तरी वर्षानुवर्षं त्या पुरुषांच्या पावलाच्या साच्यावर बेतलेले बूट घालत आल्या. बूट, मैदान, सामन्यांची गर्दी, प्रवास, यातलं नेमकं काय किती जबाबदार, हे मोजायला कुणाला घाई नव्हती. खेळाडूंच्या जागतिक संघटनेने, फिफप्रोने, इंग्लंडमध्ये 'प्रोजेक्ट एसीएल' सुरू केला तो 2024 मध्ये. मुदत तीन वर्षं.

पुढचा महिला विश्वचषक ब्राझीलमध्ये, 24 जून 2027 पासून. नऊ महिने मागे मोजा: 2026 चा सप्टेंबर. इंग्लंडमधला मोसम तेव्हा नुकता सुरू झालेला असेल.